मधलं पेव चांगलं निघालं

डॉक्टरीणबाईंनी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मग वळल्या आणि माझ्याकडे बघत बोलायला लागल्या. नीला माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"यकृतापर्यंत गेलंय. मणक्यातही दिसतंय," त्या म्हणाल्या.

"मला सांगा की बाई," नीला म्हणाली. "पाठ माझी दुखतीय."

बाई ओशाळल्या. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "छातीतली गाठ हाताला पहिल्यांदा कधी लागली?"

"गेल्या दसऱ्याच्या आधी."

"मग तेव्हाच का आला नाहीत? साधी सुई घालून तपासलं असतं. तेव्हा एवढीशी असेल. काढून टाकली असती."

नीलानं पदर नीट केला. मिरजेला यायचं म्हणून ती चांगलं लुगडं नेसून आली होती. मग म्हणाली, "तेव्हा मधलं पेव चांगलं निघालं होतं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. दुखण्यानं बाई भ्रमिष्ट झाली की काय, असं त्यांना वाटलं असणार.

"काय म्हणताहेत त्या?"

"काही नाही," मी म्हणालो. "आमच्या धंद्यातलं आहे."

ते धंद्यातलं काय ते आता सांगतो. त्या दिवशी सांगायला जीभ उचलली नाही.

आमचं गाव सांगलीजवळ, नदीच्या काठाला. आम्ही शेटे, माझा हळदीचा व्यापार वडिलांपासूनचा. आता हळद शीतगृहात ठेवतात, तेव्हा आम्ही पेवात ठेवायचो. पेव म्हणजे जमिनीत खणलेली कोठी. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट रांजणासारखं मोठं. कडेनं उसाचा पाला आणि चटया लावायच्या, आत हळकुंडं ओतायची, वर पुन्हा पाला, त्यावर फरशी आणि फरशीवर माती लिंपायची. हवा आत जात नाही, कीड जगत नाही. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, तरी हळद आहे तशी राहते, उलट रंग चढतो. भाव नसला की पेव बंद ठेवायचं, भाव आला की उघडायचं.

पण एक आहे. पेव थोडं उघडून बघता येत नाही. तोंड उघडलं की हवा आत गेली, ओल गेली, कीड गेली. मग ते सगळं रिकामंच करावं लागतं आणि माल मिळेल त्या भावाला काढावा लागतो. म्हणून आमच्याकडे म्हणायची रीत आहे, उघडलं की रिकामं. लेकीसुना, हमाल, अडते, सगळ्यांच्या तोंडात ते असतं. नीला तर पेवाच्याच घरची. तिच्या वडिलांची पेवं नदीच्या पलीकडे होती.

आमच्या घरात आणखी एक रीत होती. माती लिंपून झाली की ओली असतानाच घरच्या बाईनं तिच्यावर पंजा उमटवायचा. पूजा म्हणून नाही. कुणी चोरून तोंड उघडलं आणि परत लिंपलं तर कळावं म्हणून. पंजा सगळ्यांना उमटवता येतो, पण तोच पंजा येत नाही. आमच्या तिन्ही पेवांवर नीलाचा हात असायचा.

हळद व्यापाऱ्यांच्या संघानं त्या काळी एक शिबिर ठेवलं होतं. पुण्याहून देवस्थळी नावाचे प्राध्यापक आले होते. धंद्यातली जोखीम, निर्णय कसे घ्यावेत, असलं काहीतरी. मी गेलो ते जेवण चांगलं होतं म्हणून. बायकांनीही यावं असं पत्रिकेत छापलं होतं, म्हणून नीला आली. व्यापाऱ्यांच्या बायकांत ती एकटीच. मी पाठीमागं शेजारच्या पेढीवरच्या जिनगोंडाअण्णांजवळ बसून पेंगत होतो आणि ती पुढच्या रांगेत. शेवटी प्राध्यापकांनी वाचण्याजोग्या पुस्तकांची यादी वाटली. बाकीच्यांनी त्या कागदावर खारे दाणे घेतले. नीलानं तो घडी घालून पिशवीत ठेवला.

मग आमच्या पेढीवर पुस्तकं यायला लागली. काही सांगलीच्या वाचनालयातून, काही गिरीशनं, आमच्या मुलानं, पुण्याहून पाठवलेली. सगळी मराठीत केलेली, पण मराठी अशी की दाताखाली खडे यावेत. जोखीम म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. व्यवस्थापन म्हणजे काय ते नीला मला सांगायची. दुपारी बाजार थंडावला की ती गादीवर मांडी घालून मोठ्यानं वाचायची आणि मी सुपारी कातरत ऐकायचो.

"हे बघा, काय म्हणतोय. धंद्यात उतरायच्या आधी किती बुडालं तर सोसेल ते ठरवून ठेवावं."

"बुडायचं ठरवून कोण धंद्यात उतरतंय?"

"शहाणा माणूस उतरतो, असं म्हणतोय."

"मग त्याला म्हणावं, पेढीवर येऊन बस. मी जातो पुस्तक लिहायला."

"तुम्ही लिहिणार. भाषणाला बसलात तर घोरता."

तिला एक पातळसं पुस्तक फार आवडलं होतं. त्यातलं एक पान तिनं मला पुन्हा पुन्हा ऐकवलं. ते असं की, निकाल चांगला आला म्हणजे निर्णय चांगला होता असं समजू नये. माणूस दारू पिऊन गाडी हाकतो आणि सुखरूप घरी पोहोचतो, म्हणून दारू पिऊन गाडी हाकणं शहाणपणाचं ठरत नाही. म्हणून निर्णय घेताना कारण बोलून ठेवावं, नंतर निकाल बघून कारण बदलू नये.

"हे जिनगोंडाअण्णांना वाचून दाखवा," ती म्हणाली. "दरवर्षी त्यांचं कारण भाव बघून बदलतं."

त्या वर्षी होळीनंतर शेजारच्या मळ्याची पाइपलाइन फुटली. सकाळी यल्लाप्पा पळत आला. आमच्या पेवांवरचा हा मुख्य हमाल, बापापासून आमच्याकडे होता.

"मालक, मधल्या पेवावर पानी उभं हाय. रातभर उभं हुतं वाटतंय."

मी आणि नीला गेलो. तोपर्यंत मळेवाल्यानं पाणी बंद केलं होतं, पण मधल्या पेवाभोवती चिखल होता. तोंडावरची माती मऊ झाली होती. नीलाच्या पंजाची बोटं पसरून जाड दिसत होती. मी वाकून वास घेतला. यल्लाप्पानं घेतला. जिनगोंडाअण्णा सायकलवरून आले, त्यांनीही घेतला.

"वास न्हाई," यल्लाप्पा म्हणाला.

"वास लगेच येतोय व्हय रं?" जिनगोंडाअण्णा म्हणाले. पण मला म्हणाले, "मल्लूअण्णा, हात लावू नका. आज भाव मातीमोल आहे. उघडलंत तर अर्ध्या किमतीत घालवाल. पाऊस पडला तरी पेवं टिकतात, ही तर पाइप."

नीला चिखलात चप्पल काढून उभी होती. "उघडूया," ती म्हणाली.

"का?"

"आज उघडलं तर थोडं नुकसान आहे, पण किती ते आपल्याला ठाऊक आहे. भाव पडलाय, तेवढंच. नाही उघडलं आणि पाणी आत गेलं असलं, तर बुडापासून काळी पडत येईल. मग सगळं पेव उकिरड्यावर."

"आणि पाणी गेलं नसलं तर?"

"तर बरंच झालं. पण गेलं नाही हे कशावरून?"

"मला वाटत नाही गेलंय असं."

"हे कारण झालं का? ही तुमची इच्छा झाली."

जिनगोंडाअण्णा हसले. "वहिनी, पुस्तकं लई वाचायला लागल्यात."

"वाचते की. तुमच्यासारखं त्यावर दाणे खात नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही मालक, तुम्ही ठरवा. पण आत्ता कारण बोलून ठेवा. नंतर बदलायचं नाही."

"कारण हेच," मी म्हणालो. "उघडलं की नुकसान नक्की. बंद ठेवलं तर कदाचित नाही. उघडलं की रिकामं."

"बरं," ती म्हणाली. "यल्लाप्पा, तू ऐकलंस ना? साक्षीदार आहेस."

"म्या कशाला मधी, वैनी," यल्लाप्पा म्हणाला.

पेव बंद राहिलं. यल्लाप्पानं वरून कोरडी माती लिंपली आणि नीलानं पुन्हा पंजा उमटवला. त्या पावसाळ्यात ती मला रोज विचारायची, आज पेवाचं काय म्हणणं आहे? मी म्हणायचो, गप्प आहे. ती म्हणायची, गप्प तर मीही असते, म्हणून पोटात काही नाही असं नसतं. हे ती चेष्टेनं म्हणायची.

श्रावण सरला आणि भाव चढला, असा चढला की जुन्या माणसांनाही आठवत नव्हता. मी पेव उघडायला लावलं. फरशी काढली, आतली कोंडलेली हवा जाऊ दिली. मग यल्लाप्पानं दोराला कंदील बांधून आत सोडला. कंदील विझला तर आत विषारी हवा आहे असं समजायचं आणि कुणी उतरायचं नाही. कंदील जळत राहिला. यल्लाप्पा उतरला. आम्ही वर तोंडाभोवती उभे. नीलाचा हात माझ्या कोपराला होता.

खालून आवाज आला. "मालक, सोनं हाय."

पहिली पाटी वर आली. हळकुंड मोडलं तर आत भगवा रंग, तकतकीत. मी ते नीलाच्या हातावर ठेवलं. तिनं वास घेतला.

सगळं पेव रिकामं झाल्यावर यल्लाप्पानं मला आणि तिला बाजूला बोलावून दाखवलं. पेवाच्या बाहेरून, जमिनीखालून घुशीचं बीळ गेलं होतं, ओढ्यापर्यंत. पाइपचं पाणी पेवात शिरायच्या आधी त्या बिळातून ओढ्याला गेलं होतं.

"घुशीनं वाचीवलं बघा," यल्लाप्पा म्हणाला.

नीला पोट धरून हसली. "अहो, त्या घुशीचा सत्कार करा. शाल घाला."

शाल मला घातली. दिवाळीच्या आधी संघानं कार्यक्रम घेतला. देवस्थळी सर पुन्हा आले होते. त्यांनी मला व्यासपीठावर बोलावलं आणि, सगळे घाबरून माल काढत असताना तुम्ही थांबायचा निर्णय कसा घेतला ते सांगा, असं म्हणाले. मी सांगितलं. मातीचा पोत, जमिनीचा उतार, पाण्याची वाट, वडिलांचा अनुभव, बाजाराचा अंदाज. टाळ्या पडल्या. भाषणात घूस नव्हती.

घरी येताना रिक्षात नीला म्हणाली, "मातीचा पोत तुम्ही कधी तपासला हो?"

"वर उभं राहिलं की सुचतं."

"कारण बदलायचं नाही असं ठरलं होतं."

"निकाल बघ ना तू. सोनं निघालं का नाही?"

शाल तिच्या मांडीवर होती, तिच्या झालरीशी ती बोटांनी चाळा करत होती. "निघालं खरं," ती म्हणाली. "मी म्हणत होते तसं केलं असतं तर कवडीमोलानं गेलं असतं. तुमचं बरोबर होतं."

तिच्याकडून हे ऐकायची वाट बघण्यात माझा जन्म गेला होता. मी खूश झालो. गाठ तिच्या हाताला त्याच्या आधीच लागली होती. तिनं मला सांगितली ती दिवाळी झाल्यावर.

सांगितली तीसुद्धा कशी, तर पेढीवर चहा ओतताना. "इथं काहीतरी आहे. भुईमुगाच्या दाण्याएवढं. दुखत नाही."

दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांकडे नेली. ते म्हणाले, मिरजेला जा, सुई घालून तपासून घ्या, साधं काम आहे. मी गाडी सांगितली. सकाळी ती तयार होऊन बसली नाही.

"मी येणार नाही," ती म्हणाली. "आमच्या मावशीला अशीच गाठ होती. वर्षानुवर्षं होती. कुणीतरी सुई लावली आणि वारा लागल्यासारखी पसरली. उघडलं की रिकामं."

"अगं, हे पेव आहे का?"

"नाही तर काय आहे? बंद आहे, दुखत नाही, वास नाही. तुम्हीच म्हणाला होता, उघडलं की नुकसान नक्की, बंद ठेवलं तर कदाचित नाही."

"ते हळदीचं म्हणालो होतो."

"कारण कारणच असतं. हळदीला एक आणि बायकोला एक असं असतंय का?"

मी पातळ पुस्तक शोधून काढलं. पान काढून तिच्यासमोर धरलं. मला वाचायला जड जातं, तरी मोठ्यानं वाचलं. निकाल चांगला आला म्हणजे निर्णय चांगला होता असं समजू नये.

"ते तूच मला ऐकवलंस," मी म्हणालो.

"ते पुस्तकात आहे," ती म्हणाली. "पेव माझ्या डोळ्यांदेखत उघडलं."

"घुशीनं वाचवलं ते. घुशीनं. तू स्वतः बघितलंस की ते बीळ."

"मग मलाही वाचवेल कोणीतरी," ती म्हणाली आणि कपबश्या उचलून आत गेली.

त्या हिवाळ्यात तिला समजवायला मी कुणाकुणाला आणलं नसेल! गिरीश पुण्याहून आला, रडला, भांडला, परत गेला. तिची बहीण आली. मी लग्नाला जाऊ म्हणून तिला मिरजेला नेलं आणि रिक्षा दवाखान्याच्या दारात उभी केली. ती उतरली आणि सरळ बस-स्टॅंडकडे चालत गेली. मी मागून हाका मारतोय आणि लोक बघताहेत. बसमध्ये सांगलीपर्यंत माझ्याकडे पाठ करून बसली. उतरताना एवढंच म्हणाली, "माल ज्याचा, त्यानं ठरवायचं. मी तुमच्या पेवावर नुसतं मत दिलं होतं. हात धरला नव्हता."

शेवटी मी देवस्थळी सरांना पत्र घातलं. भला माणूस. खास आले. कागद काढून तिला समजावलं, तपासणी म्हणजे नुकसान नाही, तपासणी म्हणजे माहिती, माहिती आली की निर्णय सोपा होतो.

"सर, माहिती फुकट मिळते का?" नीलानं विचारलं. "पेवात काय आहे ही माहिती हवी तर पेव जातं. तुमच्या यादीतल्या एकाही पुस्तकात हे नाही."

"वहिनी, सुईचं तसं नसतं. सुईनं काही पसरत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी मावशीलाही सांगितलं होतं."

"पण शेटेसाहेबांच्या पेवाची गोष्ट वेगळी होती. त्यांनी मातीचा पोत—"

"त्यांनी काही केलं नाही," ती म्हणाली. "नुसते थांबले. तुम्ही त्यांना शाल घातली. मलाही थांबू द्या."

सर माझ्याकडे बघायला लागले, मी छताकडे. एवढा शिकलेला माणूस चहा पिऊन निघून गेला. जाताना मला म्हणाले, त्यांचा मुद्दा तर्काला धरून आहे हो, पण चूक आहे. मला त्या माणसाची मान धरावीशी वाटली. चूक आहे हे मलाही कळत होतं. चूक आहे एवढं कळून काय करायचं? बारा गावच्या व्यापाऱ्यांशी सौदे करणारा मी, घरातल्या एका बाईला एका सुईसाठी राजी करू शकलो नाही. आणि ती जे बोलायची ते ऐकताना मला माझाच आवाज ऐकू यायचा.

उन्हाळा लागला आणि तिची पाठ दुखायला लागली. आधी म्हणाली, पाटा उचलला म्हणून. मग वाकता येईना. मग ती स्वतःच म्हणाली, चला मिरजेला.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीतलं मी वर सांगितलंच आहे. येताना गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. अंकलीच्या पुलावर म्हणाली, "पाणी आत गेलं होतं हो."

मी तिचा हात धरला.

"आता मला बोल लावू नका," ती म्हणाली.

"लावत नाही."

"आणि स्वतःलाही लावत बसू नका. मी काही तुमची सही घेतली नव्हती. डोकं माझं, ठरवलं मी." थोड्या वेळानं म्हणाली, "घुशीला मात्र म्हणावं, तुझ्यामुळं झालं."

मी हसलो. ती हसली आणि मग पाठ दुखली म्हणून थांबली.

त्या वर्षीची हळद भरायची होती. पाऊस तोंडावर होता. दोन पेवं मी रिकामीच ठेवली, तिसरं, ओढ्यापासून लांबचं, तेवढं भरलं. लिंपायच्या दिवशी नीला म्हणाली, मी येते. मी नको म्हणालो. ती म्हणाली, मग पंजा कोण उमटवणार, यल्लाप्पा? तिला रिक्षातून नेली. यल्लाप्पानं फरशीजवळ पोतं अंथरलं, तिला दोन्हीकडून धरून बसवलं. तिचा हात एवढा बारीक झाला होता की मातीत नीट रुतेना. मी वरून माझ्या हातानं दाबला. पंजा उमटला. ओल्या मातीनं भरलेला हात तिनं तसाच पुढं धरला, पुसायला मी रुमाल काढीपर्यंत.

"ऐका," ती म्हणाली. "हे पाडव्याला उघडा. भाव असो नसो. वाट बघायची नाही."

"बरं."

"बरं नाही. कारण बोला."

यल्लाप्पा पलीकडे तोंड करून उभा होता. मी म्हणालो, "कारण आत काय आहे ते कळायला हवं म्हणून."

"हां," ती म्हणाली. "यल्लाप्पा, ऐकलंस ना?"

"ऐकलं, वैनी."

गौरी बसायच्या आत ती गेली.

त्यानंतर संघानं कार्यालयात तिच्या नावानं पुस्तकांचं कपाट केलं. तिची पुस्तकं मी तिथं दिली. सचिव म्हणाले, तुम्ही जोखीम आणि निर्णयावरची चांगली पुस्तकं सुचवा, नव्या पोरांनी आधी कोणतं वाचावं ते लिहून द्या. मी पातळ पुस्तक पहिलं सांगितलं. निकाल चांगला आला म्हणजे निर्णय चांगला होता असं समजू नये, हे त्यातलं पान दाखवलं. सचिवांनी ते वाचलं आणि म्हणाले, अगदी खरं आहे, त्यावर तुमच्या मधल्या पेवाचीच गोष्ट लिहा ना, संकटात धीर धरल्याचं उत्तम उदाहरण आहे. मी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं आणि कपाटात ठेवलं. अजूनही शिबिरं होतात आणि अजूनही ती गोष्ट सांगतात, असं कळतं. त्यात मातीचा पोत असतो. मी दोनदा सांगून बघितलं की पाणी घुशीच्या बिळातून गेलं. लोक हसतात. त्यांना तो माझा विनय वाटतो.

पहिल्या पाडव्याला यल्लाप्पा माणसं घेऊन आला होता. कंदील, दोर, पाट्या सगळं आणलं होतं. मी पेवापाशी गेलो. वरची माती वाळून कडक झाली होती, पंजा तसाच होता, करंगळीपाशी माझ्या बोटाची खूण. यल्लाप्पानं कुदळ उचलली. मी म्हणालो, थांब. माणसांना चहाला पाठवलं, मग घरी पाठवलं.

नंतर भाव चढले, पडले, पुन्हा चढले. गिरीश प्रत्येक पाडव्याला फोन करतो. "बाबा, आई सांगून गेली होती. आत काय आहे ते बघा तरी."

"बघितलं की रिकामं करावं लागतं," मी म्हणतो.

तो फोन ठेवतो. मला माझाच राग येतो, आणि त्याचाही येतो. हळद चांगली निघाली तर जिनगोंडाअण्णा येतील आणि म्हणतील, बघा, एवढी वर्षं थांबलात, सोनं झालं. हे ऐकायची माझी ताकद नाही. आणि काळी निघाली तर ती काळी हळद तिच्या हाताखालून निघालेली असेल.

यल्लाप्पा आता थकलाय. त्याचा जावई येतो, पावसाळ्याआधी पेवाभोवती चर खणतो, वरच्या मातीला हात न लावता कडेनं लिंपतो. पलीकडची दोन पेवं बुजवून तिथं गाळे झाले.

नीलानं पाडव्याला उघडा म्हणून सांगितलं होतं. मी कारणही बोललो होतो. पेव अजून उघडलेलं नाही.